आरंभीच्या गृहसंगणकीय बहुमाध्यमांतील पूर्णगती चलत्चित्राचे मूल्य : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

१९९० च्या दशकात घरगुती संगणकाला सीडी-रॉम जोडली गेली आणि 'मल्टिमीडिया' हा शब्द सर्वतोमुखी झाला. संगणकाच्या पडद्यावर चित्रपटासारखे सलग हलणारे चित्र, म्हणजेच फुल-मोशन व्हिडिओ, हे या नव्या माध्यमाचे सर्वांत मोठे आश्वासन मानले गेले. प्रस्तुत लेखात या आश्वासनाची चिकित्सा केली आहे. चलत्चित्राचे मूल्य त्याच्या चौकटीच्या आकारात किंवा सफाईत नसून, गती हाच जेथे आशय असतो तेथेच ते सिद्ध होते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी नाशिकच्या भूमीत वाढलेल्या दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटदृष्टीचा आधार घेतला असून, काही परदेशी व भारतीय बहुमाध्यम कृतींचे परीक्षण केले आहे. आजच्या ई-आशयनिर्मितीच्या संदर्भात या अनुभवाचे महत्त्व शेवटी विशद केले आहे.

बीजशब्द : बहुमाध्यम, पूर्णगती चलत्चित्र, सीडी-रॉम, व्हीसीडी, दादासाहेब फाळके, ई-आशय

१. प्रस्तावना

कोणतेही नवे माध्यम जन्माला येते तेव्हा ते प्रथम जुन्या माध्यमाची वस्त्रे परिधान करते. आरंभीचा चित्रपट रंगभूमीकडे पाहत होता; आरंभीचे दूरदर्शन नभोवाणी आणि चित्रपट यांच्याकडे पाहत होते. १९९० च्या दशकातील बहुमाध्यम संगणकानेही चित्रपटाकडेच पाहिले. मजकूर, चित्र, ध्वनी व चलत्चित्र ही चारही अंगे एकाच यंत्रात नांदू शकतात ही कल्पना निश्चितच मोठी होती. परंतु या चारांपैकी चलत्चित्रालाच विक्रेत्यांनी, प्रकाशकांनी आणि अनेकदा शिक्षणसंस्थांनीही अग्रस्थान दिले. ज्या तबकडीवर अधिक चलत्चित्र, ती अधिक 'मल्टिमीडिया' असा एक अलिखित दंडक रूढ झाला.

हा दंडक कितपत योग्य होता, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. तो केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. आज महाविद्यालयीन अध्यापकाकडून ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, ई-आशय आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यांची अपेक्षा केली जाते. त्या अपेक्षेच्या मुळाशी तीच जुनी समजूत आहे : चित्र हलू लागले की शिक्षण घडू लागते. ही समजूत पहिल्यांदा जेथे कसोटीला लागली, तो आरंभीच्या सीडी-रॉमचा काळ म्हणूनच पुन्हा तपासून पाहणे उचित ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) आरंभीच्या गृहसंगणकावर पूर्णगती चलत्चित्र दाखवण्याची तांत्रिक किंमत स्पष्ट करणे.
२) चलत्चित्राच्या मूल्यमापनाचा एक निकष मांडणे.
३) त्या निकषावर निवडक कृतींचे परीक्षण करणे.
४) त्यातून आजच्या अध्यापनासाठी मिळणारा बोध नोंदवणे.

अभ्यासाचा कालखंड मुख्यतः १९८७ ते २००७ असा आहे. 'पूर्णगती चलत्चित्र' ही संज्ञा येथे छायाचित्रित, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, सलग हलणाऱ्या दृश्यासाठी वापरली आहे. संगणकानेच क्षणोक्षणी रेखाटलेली सचेत चित्रे तिच्यात अभिप्रेत नाहीत.

३. नाशिकची पूर्वपीठिका : गती हाच आशय

चलत्चित्राच्या मूल्याचा विचार नाशिकमध्ये करताना दादासाहेब फाळके यांच्यापासून आरंभ करणे केवळ स्थानिक अभिमानाचा भाग ठरत नाही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर आपले निर्मितिकेंद्र नाशिकला हलवले. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी येथेच स्थापन झाली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही नाशिक येथेच झाले. छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग अशा तिन्ही क्षेत्रांतून आलेला हा माणूस स्थिर चित्र व चलत्चित्र यांतील भेद नेमका जाणत होता.

या दृष्टीने त्यांची पहिली चित्रपटकथा पाहण्याऐवजी तिच्याही आधीचा एक छोटा प्रयोग पाहावा लागतो. रोपाच्या वाढीची ही चित्रफीत 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाते. पेरलेल्या दाण्याची रोज काही चित्रे टिपून, ती सलग दाखवून, फाळके यांनी अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर आणली. भांडवल देऊ शकणाऱ्यांना चित्रपटाची शक्ती पटवून देणे हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की त्यातील गती काढून टाकली तर काहीच उरत नाही. रोपट्याचे एक छायाचित्र म्हणजे केवळ रोपटे. दहा छायाचित्रे म्हणजे दहा अवस्था. 'वाढणे' ही क्रिया मात्र चलत्चित्रातच दिसते, आणि तीही उघड्या डोळ्यांना एरवी कधीच दिसत नाही.

यावरून चलत्चित्राच्या मूल्यमापनाचा एक सोपा निकष मांडता येतो : दृश्यातून गती वजा केली असता आशय कितपत नष्ट होतो? आशय पूर्णतः नष्ट होत असेल तर चलत्चित्र अपरिहार्य. अंशतः होत असेल तर उपयुक्त. आणि काहीच नष्ट होत नसेल तर ते केवळ शोभेचे.

येथे एक आक्षेप संभवतो. फाळके हे चमत्कृतीचेही उपासक होते. 'लंकादहन' (१९१७) मधील हनुमानाचे उड्डाण किंवा 'कालियामर्दन' (१९१९) मधील बालकृष्णाचे पराक्रम यांत प्रेक्षकाला थक्क करण्याचाच हेतू दिसतो. चित्रपट-अभ्यासक टॉम गनिंग यांनी १९८६ मध्ये आरंभीच्या चित्रपटाला 'आकर्षणांचा चित्रपट' म्हटले. कथा सांगण्यापेक्षा दाखवणे हा त्या चित्रपटाचा धर्म होता. मग संगणकावरील चलत्चित्राने विस्मय निर्माण केला तर त्यात गैर ते काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि विस्मयाला मूल्य नाही असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु फाळके यांच्या चमत्कृतीतही गती हाच आशय आहे. हनुमानाचे स्थिर चित्र घरोघरी भिंतीवर होतेच. तो उडताना दिसणे हे नवे होते. विस्मय गतीतून आलेला असेल तर तो निकषात बसतो. केवळ 'यंत्राला हेही जमते' एवढ्यावर उभा असेल तर तो पुढचे वेगवान यंत्र आले की मावळतो.

४. तांत्रिक मर्यादा आणि जागेचे अर्थकारण

चलत्चित्राचा मोह किती महाग होता हे आकड्यांवरून लक्षात येते. ६४० × ४८० बिंदूंची पूर्ण रंगीत चौकट साठवण्यास ९,२१,६०० बाइट लागतात. अशा चौकटी सेकंदाला ३० दाखवायच्या तर सेकंदाला सुमारे २ कोटी ७६ लाख बाइट इतका ओघ हवा. १९९१ च्या 'मल्टिमीडिया पीसी' मानकातील सीडी-रॉम यंत्र सेकंदाला १५० किलोबाइट, म्हणजे सुमारे दीड लाख बाइट देऊ शके. मागणी आणि पुरवठा यांत १८० पटींचे अंतर होते.

हे अंतर दोन मार्गांनी कमी करण्यात आले. पहिला मार्ग संपीडनाचा. आरसीए कंपनीच्या सार्नॉफ संशोधन केंद्राने १९८७ मध्ये डीव्हीआय तंत्राद्वारे एका तबकडीवर तासाभराहून अधिक काळाचे पडदाभर चलत्चित्र शक्य असल्याचे दाखवले. पुढे इंटेलने हे तंत्र विकत घेतले. मात्र ते पाहण्यासाठी विशेष जोडपट्टी लागे आणि संपीडनाचे काम मोठ्या संगणकांवर करावे लागे. दुसरा मार्ग चौकटच लहान करण्याचा. डिसेंबर १९९१ मध्ये आलेले अॅपलचे क्विकटाइम आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेले मायक्रोसॉफ्टचे व्हिडिओ फॉर विंडोज यांनी तो स्वीकारला. १६० × १२० बिंदू आणि सेकंदाला १५ चौकटी एवढ्यावर समाधान मानले, की ओघ ३२ पटींनी घटतो. उरलेले अंतर साध्या संपीडनाने, कोणत्याही विशेष जोडपट्टीविना भरून काढता येते. पडद्याच्या मधोमध टपाल तिकिटाएवढी थरथरणारी चौकट, हे त्या काळाचे ओळखचिन्ह या गणितातून जन्मले.

याच गणिताची दुसरी बाजू अभ्यासकांनी क्वचितच मांडली आहे. सेकंदाला १५० किलोबाइट या वेगाने एका मिनिटाच्या चलत्चित्रास सुमारे ९२ लाख बाइट लागतात. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एक बाइट लागतो. पानाला २,००० चिन्हे धरली, तर एका मिनिटाच्या चलत्चित्राच्या जागेत मराठी मजकुराची सुमारे साडेचार हजार पाने मावतात. ज्या तबकडीवर संपूर्ण विश्वकोश, त्याची सूची आणि शोधयंत्रणा बसू शकते, तीच तबकडी सुमारे ७४ मिनिटांच्या चलत्चित्राने भरून जाते. म्हणून 'हे चलत्चित्र चांगले आहे का?' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. 'त्याने कशाची जागा घेतली?' हाही प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे.

५. शाखांचा प्रश्न : परस्परसंवाद आणि चित्रित दृश्य

बहुमाध्यमाचे दुसरे मोठे आश्वासन परस्परसंवादाचे होते. वापरकर्ता निवड करील आणि संगणक त्यानुसार प्रतिसाद देईल. परंतु चित्रित दृश्य आणि परस्परसंवाद यांच्यात मूलतःच एक विरोध आहे. छायाचित्रित दृश्य एकदा टिपले की बदलत नाही. वापरकर्त्याला निवड द्यायची तर प्रत्येक निवडीसाठी वेगळे दृश्य आधीच चित्रित करून ठेवावे लागते.

समजा, एका कथेत पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर तीन पर्याय आहेत. सर्व शाखा खऱ्या ठेवायच्या तर ३, ९, २७, ८१ आणि २४३ असे एकूण ३६३ दृश्यखंड लागतात. प्रत्येक खंड एक मिनिटाचा धरला तरी सहा तासांहून अधिक चित्रण होते आणि पाच तबकड्या भरतात. एका खेपेला पाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र पाचच मिनिटे येतात. हा खर्च कोणत्याही निर्मात्याला परवडणारा नव्हता. परिणामी, बहुतेक कृतींत शाखा थोड्याच पावलांनंतर पुन्हा एकत्र येत आणि निवड नाममात्र राहत असे.

लेझरडिस्कवर आधारलेला 'ड्रॅगन्स लेअर' (१९८३) हा हाताने रेखाटलेल्या चित्रांचा खेळ असल्याने या लेखाच्या व्याख्येबाहेर राहतो. पण खेळणाऱ्याने योग्य क्षणी योग्य कळ दाबणे एवढेच उरते ही मर्यादा त्याने आधीच दाखवून दिली होती. 'नाइट ट्रॅप' (१९९२) साठीचे चित्रण १९८७ मध्येच झाले होते. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमधील सुनावणीत या खेळावर टीका झाली आणि १९९४ मध्ये तेथे संगणकीय खेळांसाठी वयोगटानुसार वर्गीकरणाची व्यवस्था आली. 'विंग कमांडर ३' (१९९४) चार तबकड्यांवर, तर 'फँटस्मॅगोरिया' (१९९५) सात तबकड्यांवर आला. तबकड्यांची संख्या हीच जाहिरात ठरली. परंतु तबकड्या वाढल्या म्हणून वापरकर्त्याचे स्वातंत्र्य त्या प्रमाणात वाढले नाही. खेळणारा दृश्य संपण्याची वाट पाहत बसे. ज्या यंत्राचे वैशिष्ट्य प्रतिसाद देणे हे होते, ते यंत्र प्रतिसाद थांबवून चित्रपट दाखवू लागले.

६. लहान चौकटीचे सामर्थ्य

याउलट, मर्यादा ओळखून चलत्चित्र वापरणाऱ्या कृतींचा प्रभाव अधिक काळ टिकला. रँड व रॉबिन मिलर या बंधूंचा 'मिस्ट' (१९९३) हे त्याचे ठळक उदाहरण होय. या खेळातील बेटाची दृश्ये बहुतांशी स्थिर आहेत. एकामागून एक चित्र उलगडत पाहणारा पुढे जातो. चलत्चित्र त्यात मोजक्याच ठिकाणी आहे, आणि ते पुस्तकाच्या पानावरील लहानशा चौकटीत येते. लाल व निळ्या पुस्तकात कोंडलेले दोन भाऊ तेथून बोलतात. आरंभी त्यांची प्रतिमा तुटक, खरखरीची आणि जवळजवळ अगम्य असते. हरवलेले एकेक पान आणून जोडावे तसतशी ती स्पष्ट होत जाते.

येथे तंत्राची उणीव आशयात रूपांतरित झाली आहे. चौकट लहान आहे, कारण ती पुस्तकातील खिडकी आहे. चित्र तुटक आहे, कारण बोलणारा कैदेत आहे. पाहणारा त्या दोषाला दोष मानत नाही, उलट तो कमी व्हावा म्हणून धडपडतो. भावांच्या चेहऱ्यावरील हावभावांतून त्यांच्यातील खोटेपणा ओळखायचा असल्याने गती वजा केली तर आशय बराचसा नष्ट होतो. म्हणजेच ही कृती वरील निकषास उतरते, तेही पडद्याचा अत्यल्प भाग व्यापून.

माध्यम-अभ्यासक लेव्ह मानोविच यांनी क्विकटाइमच्या या छोट्या चौकटींची तुलना एडिसनच्या किनेटोस्कोपशी केली आहे. १८९० च्या दशकातील त्या पेटीतही एकच माणूस छिद्राला डोळा लावून मिनिटाहून कमी काळाचे दृश्य पाही. ही तुलना उद्बोधक आहे, कारण ती लहान चौकटीला 'अपूर्ण चित्रपट' न मानता एक स्वतंत्र रूप मानते. त्या रूपाचे स्वतःचे गुण आहेत : ते मजकुराशेजारी बसू शकते, पुन्हा पुन्हा पाहता येते आणि वाचकाच्या ताब्यात राहते. छापील पानावरील आकृतीला जे स्थान, तेच स्थान या छोट्या चौकटीला मिळू शकले असते.

शिक्षणाच्या क्षेत्रात याच दिशेचे भारतीय उदाहरण पुण्यात घडले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने केंद्र सरकारच्या राजभाषा विभागासाठी 'लीला' ही हिंदी शिकवणारी बहुमाध्यम आज्ञावली तयार केली. अक्षर गिरवण्याची रीत, शब्दांचे उच्चार आणि स्वतःचा उच्चार ध्वनिमुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडून पाहण्याची सोय यांवर तिचा भर होता. देवनागरी अक्षराचे वळण ही मुळातच एक हालचाल आहे. 'क' हे अक्षर छापलेले पाहून त्याचा आकार कळतो, पण रेघ कोठून सुरू करावी आणि कोठे वळवावी हे हालचाल पाहूनच कळते. येथे दृश्य छायाचित्रित असण्याचीही गरज नाही. हलणारी एक रेघ पुरते. गतीचा आशय आणि चित्राची भव्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट होते.

७. भारतीय अनुभव : गांधी तबकडी आणि व्हीसीडी

१९९९ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने महात्मा गांधी यांच्यावरील बहुमाध्यम सीडी-रॉम प्रकाशित केली. गांधीजींचे संकलित वाङ्मय, त्यांचा आवाज, छायाचित्रे आणि चित्रफितींचे अंश एकत्र आणणारा तो महत्त्वाकांक्षी प्रकल्प होता. त्यातील चित्रफितींचे मूल्य नाकारता येणार नाही. गांधीजींची चालण्याची लगबग, सूत काततानाचा हात, जनसमूहातून वाट काढताना वाकलेली देहयष्टी या गोष्टी कोणत्याही खंडात वाचून कळत नाहीत. या अंशांपुरता वरील निकष पूर्ण होतो.

परंतु तबकडीचा गाभा म्हणजे संकलित वाङ्मयाचा मजकूर. १९५८ ते १९९४ या काळात प्रसिद्ध झालेल्या मूळ शंभर खंडांची रचना बदलून केलेल्या सुधारित आवृत्तीत काही नोंदी गळाल्या, खंडांच्या प्रस्तावना वगळल्या गेल्या, असे अभ्यासकांनी निदर्शनास आणले. तबकडीवरील संहिताही या वादाच्या कक्षेत आली. त्रिदीप सुहृद यांनी २००४ मध्ये या संपादनाची परखड चिकित्सा केली आणि २००५ मध्ये सुधारित आवृत्ती मागे घेण्याचा निर्णय झाला. या प्रकरणाचा दोष चलत्चित्राचा नाही. तथापि त्यातून बहुमाध्यम समीक्षेसाठी एक महत्त्वाचा बोध मिळतो. हलणारे चित्र पाहताक्षणी जाणवते. गळालेली नोंद मात्र मूळ खंड शेजारी ठेवून ताडल्याशिवाय जाणवत नाही. बहुमाध्यम कृतीचे परीक्षण केवळ प्रात्यक्षिक पाहून होऊ शकत नाही. ग्रंथाच्या परीक्षणाची शिस्त तेथेही लागू करावी लागते.

दुसरा अनुभव व्हिडिओ सीडीचा. १९९३ मध्ये निश्चित झालेल्या या मानकात एमपेग-१ संपीडनाने ३५२ × २८८ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे चित्र साध्या सीडीच्या वेगात बसवण्यात आले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेंटियम प्रोसेसर आल्यावर विशेष जोडपट्टीविना घरगुती संगणकही व्हीसीडी दाखवू लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावर दोन-तीन तबकड्या बदलत चित्रपट पाहणे हा महाराष्ट्रातील असंख्य घरांचा अनुभव होय. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी बाजारात आणल्या, तेव्हा चलत्चित्राची तबकडी एखाद्या मासिकाइतकी स्वस्त झाली.

येथे एक विसंगती नजरेत भरते. पूर्णगती चलत्चित्राचे स्वप्न साकार झाले ते व्हीसीडीतच. पण व्हीसीडीत शोध नाही, दुवे नाहीत, मजकूर नाही. चलत्चित्र पूर्ण झाले आणि बहुमाध्यम संपले. संगणक त्या वेळेपुरता दूरदर्शन संच बनला. परस्परसंवादी सीडी-रॉमच्या तुलनेत व्हीसीडी तंत्रदृष्ट्या साधी होती, तरीही घरोघरी तीच पोहोचली. कारण ती जे आश्वासन देत होती ते पुरे करीत होती.

व्हीसीडीचे सांस्कृतिक मूल्यही दुर्लक्षून चालणार नाही. मराठी नाटकांचे चित्रित प्रयोग तबकड्यांवर आले आणि नाट्यगृह नसलेल्या गावांतील, तसेच परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचले. नाटकाचे छापील पुस्तक संवाद देते. नटाचा विराम, एका वाक्याआधी घेतलेला श्वास, प्रवेशाच्या शेवटी बदललेली चाल हे देत नाही. येथे दोन-अडीच तासांचे सलग चलत्चित्र पूर्णतः समर्थनीय आहे. म्हणजे प्रस्तुत निकष लहान चौकटीचा पक्षपाती नाही. नाट्यप्रयोगास पूर्ण वेळ द्यावा आणि अक्षराच्या वळणास चार सेकंद द्यावेत, असे तोच निकष सांगतो.

८. मूल्यमापनाचे तीन प्रश्न

वरील विवेचनातून बहुमाध्यम कृतीतील चलत्चित्रासंबंधी तीन प्रश्न निष्पन्न होतात. पहिला प्रश्न आशयाचा : गती वजा केल्यास काय नष्ट होते? दुसरा मोबदल्याचा : या चलत्चित्रासाठी कोणता मजकूर, कोणती सूची, कोणते चित्र वगळावे लागले? तिसरा ताब्याचा : पाहणाऱ्याला थांबण्याचे, मागे जाण्याचे व ताडून पाहण्याचे स्वातंत्र्य राहते का?

नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयंअध्ययनासाठी रचलेले छापील पाठ्यपुस्तक हा दूरशिक्षणाचा कणा मानला आणि दृक्-श्राव्य साधनांना पूरक स्थान दिले. सीडी-रॉमच्या झगमगाटात हे धोरण काहीसे जुन्या वळणाचे वाटण्याजोगे होते. परंतु या तीन प्रश्नांच्या प्रकाशात ते विवेकी ठरते. काम संपवून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकाचा पूर्ण ताबा असतो. त्यासाठी यंत्र, वीज किंवा केंद्राची वेळ यांवर त्याला अवलंबून राहावे लागत नाही.

आज जागेचे आणि वेगाचे गणित बदलले आहे. साडेचार हजार पानांच्या मोबदल्यात एक मिनिट, असा व्यवहार आता करावा लागत नाही. तरीही दुसरा प्रश्न कालबाह्य झालेला नाही. त्याचे चलन बदलले आहे. पूर्वी जागा खर्च होई, आता अध्यापकाचे तास आणि विद्यार्थ्याचे अवधान खर्च होते. कॅमेऱ्यासमोर बसून वाचलेल्या टिपणाचे तासाभराचे चित्रण करण्यास जे श्रम लागतात, त्यांत एक सुबक टिपण, प्रश्नसंच आणि सूची सिद्ध होऊ शकते. अशा चित्रणातून गती वजा केली तर आवाज आणि मजकूर जसेच्या तसे उरतात. याउलट प्रयोगशाळेतील अनुमापनाचा अंतिम बिंदू, लावणीतील पदन्यास, द्राक्षवेलीची छाटणी किंवा मोडी लिपीचे वळण यांचे दोन मिनिटांचे चित्रण अनेक पानांचे काम करते.

९. जतनाचा प्रश्न

ज्या कृतींच्या आधारे ही चर्चा करावयाची, त्या कृतीच उपलब्ध राहतील का, हा प्रश्न अखेरीस उरतो. 'राजा हरिश्चंद्र' या चार रिळांच्या चित्रपटाची मोजकी रिळे शिल्लक आहेत, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर मूकपटांच्या युगाचा मोठा भाग नष्ट झाला होता.

सीडी-रॉमच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. तबकडी सुस्थितीत असली तरी ती चालवणारी आज्ञावली नसते. सोळा-बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम चौसष्ट-बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. विंडोजसाठीच्या क्विकटाइमचा आधार अॅपलने २०१६ मध्ये काढून घेतला. बहुमाध्यम निर्मितीचे एके काळचे प्रमुख साधन असलेल्या डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये थांबली. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. जगभर खपलेल्या खेळांना उत्साही अभ्यासकांनी जुने कार्यक्रम नव्या यंत्रावर चालवणारी साधने निर्माण करून जीवदान दिले. मर्यादित प्रतींत निघालेल्या शैक्षणिक तबकड्यांसाठी असे समुदाय सहसा उभे राहत नाहीत. १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा छापील ग्रंथांसाठी आणि १९५६ पासून वृत्तपत्रांसाठी होता. सीडी-रॉम त्याच्या कक्षेत आली नाही. त्यामुळे महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या कपाटांत, पुस्तकांच्या मागील पाकिटांत राहिलेल्या तबकड्या हाच या काळाचा दफ्तरखाना ठरतो. त्या निर्लेखित करण्यापूर्वी त्यांची नोंद घेणे, प्रतिमा-प्रत काढून ठेवणे आणि वेष्टनावरील माहिती जपणे हे कोणत्याही ग्रंथालयास अल्प खर्चात करता येण्याजोगे कार्य आहे.

१०. निष्कर्ष

१) आरंभीच्या गृहसंगणकावर पूर्णगती चलत्चित्र हे अत्यंत खर्चिक साधन होते. त्याचे मूल्यमापन त्याने व्यापलेल्या जागेसह आणि वगळलेल्या आशयासह करणे आवश्यक आहे.

२) छायाचित्रित दृश्य आणि परस्परसंवाद यांच्यात मूलभूत विरोध आहे. तबकड्यांची संख्या वाढवून तो विरोध मिटला नाही.

३) 'मिस्ट' व 'लीला' यांसारख्या कृतींत मर्यादित हालचालीचा अर्थपूर्ण वापर आढळतो. मराठी नाटकांच्या व्हीसीडीत पूर्ण लांबीचे चलत्चित्रही तितकेच समर्थनीय ठरते. निर्णायक घटक चौकटीचा आकार नसून गतीचा आशयाशी असलेला संबंध हा आहे.

४) गांधी तबकडीचा अनुभव असे दर्शवतो, की बहुमाध्यम कृतीतील संहितेची चिकित्सा चलत्चित्राच्या आकर्षणापासून स्वतंत्रपणे झाली पाहिजे.

५) ई-आशयाचे मूल्य मिनिटांत मोजण्याची प्रथा सीडी-रॉमच्या काळातील तबकड्या मोजण्याच्या प्रथेहून वेगळी नाही. अध्यापकाने चित्रणास आरंभ करण्यापूर्वी, या विषयात नेमके काय हलते, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ज्या पाठात काहीच हलत नाही, तो पाठ लिहून देण्यात कोणताही कमीपणा नाही.

फाळके यांनी कॅमेरा प्रथम रोवला तो उगवत्या अंकुरासमोर. चलत्चित्राचा उपयोग कोठे करावा, याचे उत्तर त्या निवडीत होते. संगणकाच्या युगात हाती आलेल्या अधिक समर्थ साधनांनी ते उत्तर जुने केलेले नाही.